मुक्या रोग्यांचे डॉक्टर आणि त्यांचा ताण

धामणकर नाक्यावर ताण कुणाला समजावून सांगावा लागत नाही. यंत्रमागावरचा ताणा प्रमाणाबाहेर ओढला की धागा तुटतो, हे माझ्या वडिलांना पुस्तकाविना ठाऊक आहे. माणसावरच्या ताणाचा विचार मात्र मी प्रथम केला तो आमच्या चाळीतल्या एका दादामुळे. तो पशुवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला आहे. मुंबईत परळला 1886 पासून हे शिक्षण मिळते, पण आमच्याकडे ते अजून नवलाचेच. त्याच्या प्रवेशाचे पेढे खाता खाता कुणीतरी विचारलेच, "म्हणजे गुरांचा डॉक्टर?"

ताणाची सुरुवात इथेच होते. प्रवेश 'नीट'च्या गुणांवर असतो. एमबीबीएस थोडक्यात हुकलेली मुलेही तिकडे वळतात आणि ती सल बरोबर नेतात.

मला वाटे, हा अभ्यास माणसांच्या वैद्यकाहून सोपा असेल. दादाने बोटांवर मोजून दाखवले. गाय सुमारे 280 दिवसांनी विते, म्हैस 310, शेळी 150, घोडी 340, कुत्री 63. गाईच्या पोटात चार कप्पे, घोड्याला एकच जठर आणि त्याला ओकताही येत नाही. कोंबडीला दात नाहीत. ती खडे गिळून पोटात दाणे दळते. हे सारे एका डोक्यात, आंतरवासितेसह साडेपाच वर्षांत! (आपण एका सत्रपरीक्षेने हवालदिल होतो.)

पण जागरणाची सवय होते, असे तो म्हणतो. सवय होत नाही ती दुसऱ्याच गोष्टीची. रोगी बोलत नाही, बोलतो तो मालक. लाखाच्या घरातली म्हैस आडवी पडली की तबेलेवाला आधी खर्च विचारतो, मग आजार. औषध पुस्तकात असते, ते त्याला परवडेल का हे नसते. आणि असाध्य दुखण्यातल्या जनावराला कधी इंजेक्शन देऊन कायमचे निजवावे लागते. मालक रडतो, डॉक्टरने रडायचे नसते.

मागच्या दिवाळीत दादा घरी आला होता. मी विचारले, "हे तू कुणाला सांगतोस?"

"सगळ्यांचे तेच. कोण कुणाला सांगणार?"

मग नाक्यावर चहा घेताना तो एका म्हाताऱ्या कुत्र्याविषयी बोलू लागला. त्याचे डोके यानेच धरले होते. चहा निवून गेला, तरी तो बोलत होता.