दिसली ती धावपट्टी आपलीच का?

२४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचं डीसी-८ विमान मुंबईत सांताक्रूझ विमानतळावर उतरायचं होतं. उतरलं ते जवळच्याच जुहू विमानतळावर! तिथली आखूड धावपट्टी संपली तरी विमान थांबलं नाही, पुढे जाऊन मोडलं. सुदैवानं जीवितहानी झाली नाही. १९५३ मध्ये बीओएसी कंपनीचं कॉमेट विमानही असंच चुकून जुहूला उतरलं होतं.

असं का होतं? हवा स्वच्छ असली की वैमानिकाला नजरेनं धावपट्टी हेरून उतरायची परवानगी मिळते. धावपट्टीचा क्रमांक म्हणजे तिची होकायंत्रावरची दिशा, शेवटचं शून्य गाळून. सांताक्रूझची ०९, म्हणजे सुमारे ९० अंश. जुहूची ०८, म्हणजे ८०. कॉकपिटमधून एवढा फरक नजरेत भरत नाही. शिवाय समुद्राकडून येताना जुहू आधी लागतं. धावपट्टीची वाट पाहणारा मेंदू पहिली दिसली तीच आपली धरून चालतो आणि ती आखूड आहे, ही खूण नजरेआड करतो.

लंडनमध्येही १९६० साली पॅन ॲमचं बोइंग ७०७ हीथ्रोऐवजी नॉर्थोल्टला उतरलं. मग कुठला विमानतळ कुठला ते कळावं म्हणून वाटेवरच्या गॅसच्या टाक्यांवर वैमानिकांसाठी मोठी अक्षरं रंगवावी लागली.

आज धावपट्टीची मध्यरेषा आणि उतरण्याचा कोन रेडिओ लहरींनी दाखवणारी 'आयएलएस' यंत्रणा आहे. आकाश निरभ्र असलं तरी ती लावून ठेवावी, डोळ्यांना दिसतं ते तिच्याशी ताडून पाहावं. दोन्ही जुळत नसतील, तर उतरू नये. विमान पुन्हा वर न्यावं, हेच शहाणपणाचं.