कामगारनगरीतल्या सिस्टर

पिंपरी, भोसरी, चाकणचे कारखाने तीन पाळ्यांत चालतात, तशीच इथली रुग्णालयेही. संत तुकारामनगरातले महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, म्हणजे सगळ्यांचे वायसीएम, आणि चिंचवडच्या मोहननगरातले कामगार विमा रुग्णालय हे इथल्या कष्टकऱ्यांचे मोठे आधार. बाहेरच्यांना सिस्टर दिसते ती इंजेक्शन देताना, सलाईन लावताना. मुरलेल्या सिस्टरच्या लेखी मात्र पेशंटवर लक्ष ठेवणे हेच मूळ काम. बाकीचे त्याच्या पोटात येते.

पॉवर प्रेसमध्ये बोट तुटलेला कामगार येतो, तेव्हा हे कळते. जखमेवर दाब देता देताच ती सोबत्यांना विचारते, तुटलेले बोट कुठे आहे? ते थेट बर्फात टाकले तर पेशी मरतात. स्वच्छ ओल्या गॉजमध्ये गुंडाळून, पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फावर ठेवायची असते. सूज चढण्याआधी ती उरलेल्या बोटांतली अंगठी काढून घेते, नाडी पाहते. मग पुढचा प्रश्न: "गावी कुणाला कळवायचं, दादा?" मराठवाड्यातून, बिहारमधून आलेल्या पोराच्या उशाशी बहुधा नातेवाईक नसतो. तो फोनही ड्युटीचाच भाग असतो.

वॉर्डात हेच लक्ष अधिक बारीक होते. प्रौढ माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा चालतो. तो वाढू लागला, तर रक्तदाब घसरण्याआधीच धोक्याची चाहूल लागू शकते. म्हणून जाणती सिस्टर पूर्ण मिनिटभर श्वास मोजते. "डॉक्टर, हा पेशंट मला बरा वाटत नाही" या तिच्या वाक्यामागे अशी शेकडो निरीक्षणे असतात. अमेरिकेच्या पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४च्या पुस्तकात नवशिकी ते निष्णात असे परिचारिकेचे पाच टप्पे मांडले. निष्णात परिचारिका नियमांची यादी चाळत बसत नाही, समोरची परिस्थिती एकदम ओळखते, हे त्यांचे सांगणे.

महाराष्ट्रात या कामाची प्रतिष्ठा सहज आली नाही. रमाबाई रानडे यांच्या पुण्यातील सेवासदनाने विसाव्या शतकाच्या आरंभी मुली आणि विधवांना ससूनमध्ये परिचर्येचे शिक्षण मिळवून दिले, तेव्हा समाजाचा रोष पत्करावा लागला. पुढे मुंबईच्या केईएममधील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३मध्ये भीषण हल्ला झाला. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, सुमारे ४२ वर्षे, सहकारी परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना सांभाळले. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळूनही त्यांना तोवर बेडसोर झाला नव्हता, याची सर्वोच्च न्यायालयाने २०११च्या निकालात दखल घेतली. बऱ्या होण्याची आशा नसलेल्या माणसाचीही कूस वेळेवर बदलायची, ही या पेशाची निष्ठा.

टळलेला बेडसोर, वेळेत ओळखलेला धोका यांचे श्रेय कुठल्या कागदावर चढत नाही. पण एका सिस्टरकडे पेशंट किती, यावर हे लक्ष टिकते किंवा तुटते. परिचारिकांची रिकामी पदे भरणे ही म्हणूनच पेशंटच्या जिवाची बाब आहे, आणि उद्योगनगरीने ती तितक्याच निकडीने घेतली पाहिजे.