मोटारीतील ओल आणि दमेकऱ्याचा श्वास

दमट हवेत मोटारीचा एसी सुरू असता गाडीखाली पाणी ठिबकणे हे सुलक्षणच होय. एसीच्या थंड जाळीवर जमलेले हे बाष्पाचे पाणी रबरी नळीवाटे बाहेर पडते. धुळीने वा पाचोळ्याने नळी तुंबली, की ते पुढील आसनाच्या पायाखाली झिरपते. ओल्या गालिच्यात बुरशी धरते आणि दमेकऱ्याचा त्रास बळावतो.

नळी घरी मोकळी करता येते; मात्र हे काम तरुणांनी करावे, ज्येष्ठांनी गाडीखाली वाकू नये. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा व इंजिन थंड होऊ द्यावे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कदापि शिरू नये. चेहरा बाजूला ठेवून नळीत जाड नायलॉनचा दोरा हलक्या हाताने सरकवावा. टोकदार तार टाळावी. साचलेले पाणी वाहून गेल्यावर गालिचा पूर्ण वाळवावा. पाणी रंगीत वा चिकट असल्यास, किंवा नळी सापडत नसल्यास, मेकॅनिकला दाखवावे.

मुक्कामापूर्वी काही मिनिटे एसी बंद करून पंखा चालू ठेवावा. जाळी सुकते, कुबट वास टळतो.