चंद्राला अकरा खेपा

ऑगस्टात चिखलीहून मेहकरकडे एसटीनं जा. खिडकीबाहेर मैलोन्‌मैल सोयाबीनच दिसेल. बुलढाणा जिल्ह्यात हे पीक साधारण 10 लाख एकरांवर असतं.

एवढा आकडा डोक्यावरून जातो, म्हणून ओळींनी मोजू. दोन ओळींत 18 इंच अंतर धरलं तर एका एकरात जवळपास 9 किलोमीटर ओळ निघते. 10 लाख एकरांत 88 लाख किलोमीटर. चंद्राला अकरा वेळा जाऊन परत येता येईल एवढी!

आता त्यातली एका एकराचीच ओळ घ्या. निंदणाला पाच-सहा बाया यायच्या. हातात खुरपं, गुडघे छातीशी, बसल्या बसल्या पुढं सरकायचं. ते 9 किलोमीटर त्या आपसात वाटून घ्यायच्या आणि संध्याकाळी रोज घेऊन घरी जायच्या. आज तेच काम तणनाशकाचे दहा पंप करतात. 10 लाख एकरांवर एकदा फवारायचं म्हटलं तर 15 लिटरचा पंप एक कोटी वेळा कुणाच्या तरी पाठीवर चढतो. शेतकऱ्याचा खर्च वाचला, कंबरमोड वाचली, हे मला मान्य आहे. पण त्या बायांचा पावसाळ्यातला हुकमी रोज बुडाला, त्याचा हिशेब कुणी मांडत नाही.

सोयाबीन आलं आणि ज्वारी गेली, हे नुकसान मला सगळ्यात मोठं वाटतं. तिचा दाणा माणसाला, कडबा बैलाला आणि शेण पुन्हा रानाला. सोयाबीनचं कुटार कडब्याची जागा घेत नाही. वैरण विकत घेणं परवडेना, तशी दावणी रिकाम्या झाल्या. बैल गेल्यावर शेणखत गेलं, आणि रान रासायनिक खताच्या गोणीवर आलं. शिवाय घरच्या ज्वारीची भाकरी व्हायची, हुरडा व्हायचा. सोयाबीनच्या क्विंटलातून तेल निघतं जेमतेम 18 किलो. बाकी बहुतेक पेंड, ती कोंबड्यांच्या खाद्याला जाते. दहा पोती घरात असली तरी पीठ दुकानातूनच आणावं लागतं.

पेरणीला एकरी 30 किलोची बॅग लागते. जिल्ह्याचे झाले 3 कोटी किलो. किलोत साधारण 9 हजार दाणे धरले तर 27 हजार कोटी दाणे मृगाच्या पावसाकडे डोळे लावून मातीत पडतात. भारतातल्या प्रत्येक माणसामागे 190 दाणे, आणि हे नुसतं बियाणं.

पिकलेल्या दाण्याची किंमत किती? 2024-25 च्या हंगामात हमीभाव होता क्विंटलला 4,892 रुपये. त्याच हिशेबानं एक दाणा अर्ध्या पैशाचा, दोन दाण्यांना एक पैसा. त्या हंगामात असंख्य शेतकऱ्यांनी बाजारात हमीभावाच्या खाली माल विकला. त्यांना दोन दाण्यांमागे तो एक पैसाही पुरता मिळाला नाही.