सीसाभिताप आणि उपचाराची कसोटी

विनयपिटकाच्या महावग्गातील भेसज्जक्खन्धकात पिलिन्दवच्छ थेरांच्या ‘सीसाभिताप’ या शिरोव्याधीची हकीकत आहे. तथागतांनी प्रथम डोक्यास तेल लावण्याची अनुज्ञा दिली. गुण येईना, तेव्हा नाकात औषध सोडण्याची. तेही पुरेना, तेव्हा औषधी धूर ओढण्याची. येथे मंत्र नाही, गंडादोरा नाही. रुग्णास आराम पडतो की नाही, हीच कसोटी होय.

अर्धशिशीच्या पूरक उपचारांसही हीच कसोटी लावावी. नियमित झोप, वेळेवर जेवण व आनापानसती यांचा अनेकांस उपयोग होतो. मात्र वेदनाशामक गोळ्या महिन्यात 10-15 दिवस किंवा अधिक घेत राहिल्यास डोकेदुखी उलट बळावते. एकाएकी असह्य वेदना झाल्यास, वाचा अडखळल्यास वा हातपाय लुळे पडल्यास गोरेगावकरांनी घरगुती उपायांत वेळ न दवडता हिंगोलीचे जिल्हा रुग्णालय गाठावे.