थंड पर्वतीय वनांतील पक्ष्यांची उबवण: ऊब आणि भूक यांचा हिशेब

या पाठाची सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. अंड्यांवर बसलेल्या मादीला भूक लागली तर ती काय करते?

मैदानी प्रदेशात याचे उत्तर सोपे आहे. ती उठते, खाऊन येते आणि पुन्हा बसते. हवा 28–30 अंश सेल्सियस असेल तर पाव-अर्ध्या तासात अंड्यांचे फारसे बिघडत नाही. आता हाच प्रश्न हिमालयात 3,000 मीटर उंचीवर, फर आणि स्प्रूसच्या जंगलात विचारा. उंचीबरोबर हवेचे तापमान दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. विणीचा हंगाम सुरू होतो तेव्हा सावलीत बर्फ शिल्लक असतो आणि पहाटे पारा पाच अंशांच्याही खाली जाऊ शकतो. अशा ठिकाणी उठावे की बसून राहावे, हा निर्णय मादीला रोज घ्यावा लागतो आणि त्यावर सगळी वीण अवलंबून असते.

अंड्याला काय हवे असते?

पक्षी उष्णरक्ती आहे, पण त्याचे अंडे तसे नाही. सुरुवातीच्या काळात भ्रूण स्वतः जवळजवळ उष्णता निर्माण करत नाही, ती बाहेरूनच मिळावी लागते. बहुतेक जातींत भ्रूणाची वाढ 36 ते 38 अंशांच्या दरम्यान उत्तम होते. साधारण 24 ते 27 अंशांच्या खाली ती थांबते. या मर्यादेला शरीरक्रियात्मक शून्य म्हणतात. मर्यादेच्या थोडे वर, पण आवश्यक तापमानाच्या खाली अंडे फार काळ राहिले तर वाढ चालू राहते, पण वेडीवाकडी होण्याचा धोका असतो. आणि 41 अंशांच्या वरची उष्णता फार लवकर जीव घेते. एकंदरीत अंडे थंडीपेक्षा उष्णतेला अधिक घाबरते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

ऊब देण्यासाठी मादीच्या पोटावर खास जागा तयार होते. विणीच्या काळात संप्रेरकांच्या प्रभावाने तिथली पिसे गळतात आणि त्वचेखालील रक्तवाहिन्या वाढून रुंदावतात. हा उबवण-चट्टा अंड्यांना थेट टेकतो. तो नुसती शेगडी नव्हे. अंडी किती गार आहेत हे पक्ष्याला त्यातूनच कळते आणि त्यानुसार त्याचे शरीर उष्णतेचे उत्पादन वाढवते.

आता थोडे गणित. अंडे आणि हवा यांच्या तापमानातला फरक जितका मोठा, तितक्या वेगाने उष्णता जाते. अंडे 37 अंश आणि हवा 25 अंश असेल तर फरक 12, हवा 5 अंश असेल तर फरक 32. म्हणजे उष्णता जाण्याचा वेग अडीच पटींहून अधिक. समजा, मादी उठल्यावर दर 40 मिनिटांनी हा फरक निम्मा होतो. मग 32 चे 16, 8 आणि 4 होतील. दोन तासांत अंडे 9 अंशांवर येईल! घरट्याचे अस्तर हा वेग कमी करते, पण दिशा बदलत नाही. शिवाय परत आल्यावर सगळी अंडी पुन्हा तापवण्याचा खर्च मादीलाच करावा लागतो, आणि त्यासाठी पुन्हा खावे लागते.

हा पेच कसा सुटतो?

एक मार्ग म्हणजे जोडीदाराची मदत. सुतार पक्ष्यांत नर आणि मादी आळीपाळीने बसतात, रात्रपाळी बहुधा नराची असते. टिट कुळातील पक्ष्यांत मादी एकटी उबवते, पण नर तिला अन्न आणून देतो, त्यामुळे तिच्या फेऱ्या आखूड होतात. कोकणातल्या धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर तिला फटीतून भरवतो, हे तुम्ही वाचले असेल. तिथे कारण थंडीचे नाही, पण व्यवस्था त्याच जातीची.

दुसरा मार्ग बांधकामाचा. टिट आणि नटहॅच झाडाच्या ढोलीत घरटे करतात, तिथे वारा पोहोचत नाही. टिट आत शेवाळाचा जाड थर देतात आणि त्यावर सस्तन प्राण्यांचे केस अंथरतात. काही नटहॅच ढोलीचे तोंड चिखलाने लिंपून आपल्या अंगापुरतेच ठेवतात. अशा ढोल्या जुन्या, पोकळ झाडांत मिळतात. म्हणून वठलेली झाडे निरुपयोगी समजून तोडली की या पक्ष्यांची घरेच जातात.

पण जमिनीवर घरटे करणाऱ्या, नराकडून अन्न न मिळणाऱ्या मादीचे काय? फेजंट कुळातील बऱ्याच जाती अशा आहेत. त्यांतल्या एकीचे उत्तर मला सर्वांत विलक्षण वाटते.

ब्लड फेजंट: अंडी गार होऊ देणारी मादी

ब्लड फेजंट हा सिक्कीमचा राज्यपक्षी. हिमालयापासून चीनच्या पर्वतांपर्यंत उंचावरील जंगलांत तो आढळतो. चीनच्या गान्सू प्रांतातील लिएनहुआशान येथे संशोधकांनी त्याच्या उबवणीचा अभ्यास केला आणि तो 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. मादी दिवसातून एकदाच घरटे सोडते, पण ती सहा तासांहून अधिक वेळ परतत नाही. अंडी शरीरक्रियात्मक शून्याच्या खूप खाली जातात. कोंबडी पाळणारा कोणीही म्हणेल की ही अंडी वाया गेली. प्रत्यक्षात त्यांतून पिल्ले बाहेर पडतात.

इतका वेळ का लागतो? या पक्ष्याच्या आहारात शेवाळाचा वाटा मोठा आहे. शेवाळ मुबलक असते, पण त्यातून ऊर्जा फार थोडी मिळते. पोट भरायला तासन्‌तास टिपत राहावे लागते. दहा छोट्या फेऱ्या मारल्या तर दहा वेळा अंडी पुन्हा तापवावी लागतील. त्यापेक्षा एकदाच गार होऊ द्यावीत आणि एकदाच तापवावीत, हे स्वस्त पडत असावे.

किंमत मात्र मोजावी लागते ती दिवसांत. जंगलात या जातीचा उबवण काल सुमारे 37 दिवस भरतो, यंत्रात अखंड ऊब मिळाल्यास साधारण चार आठवडे. आता गुणाकार करून पाहा. 37 दिवस गुणिले रोजचे सुमारे 17 तास म्हणजे 629 तास. 28 गुणिले 24 म्हणजे 672 तास. हिशेब ढोबळ आहे, पण दोन्ही आकडे किती जवळ आहेत ते पाहा. गारठ्याच्या तासांत भ्रूणाचे घड्याळ जणू थांबते आणि मादी परतल्यावर पुन्हा चालू लागते. मात्र जमिनीवरचे घरटे आठ-दहा दिवस जास्त उघड्यावर राहते, आणि कोल्हा, मार्टेन, कावळे यांना तेवढी अधिक संधी मिळते.

जाता जाता उंचीचा आणखी एक परिणाम. अंड्याच्या कवचाला सूक्ष्म छिद्रे असतात. उबवणीच्या काळात त्यांतून बाष्प बाहेर जाऊन अंड्याचे वजन साधारण 15 टक्क्यांनी घटते. विरळ हवेत वायूंचे विसरण वेगाने होते, म्हणजे अंडे लवकर सुकेल. उंचावर वीण घालणाऱ्या अनेक पक्ष्यांच्या कवचात छिद्रांचे एकूण क्षेत्र कमी आढळते, ते यामुळेच.

माणूस मध्ये आला तर

हिमाचलमधील ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात वसंतात गुच्छी ही किमती अळंबी गोळा केली जाते. नेमका तोच जुजुराना, म्हणजे वेस्टर्न ट्रॅगोपान, आणि मोनाल यांच्या विणीचा काळ. गुच्छी हे अनेक कुटुंबांचे वर्षातले महत्त्वाचे रोख उत्पन्न आहे, त्यामुळे नुसत्या बंदीने प्रश्न सुटतो असे मला वाटत नाही. पण परिणाम समजून घ्या. पोट भरून नुकतीच बसलेली मादी पावलांच्या आवाजाने उडाली, तर तो गारठा तिच्या हिशेबाबाहेरचा असतो. ब्लड फेजंटच्या भ्रूणाची सहनशक्ती इतर जातींकडे असेलच असे धरून चालता येत नाही. अभ्यासासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांनाही हे लागू आहे.

म्हणूनच आज घरट्याजवळ बसून पाहण्याऐवजी छोटी तापमान-नोंदणी यंत्रे वापरतात. एक अंड्यांमध्ये, दुसरे बाहेर सावलीत. दोन्ही आलेख शेजारी ठेवले की घरट्याची रेषा अचानक बाहेरच्या रेषेकडे घसरते तिथे मादी उठली, आणि चढू लागते तिथे ती परतली.

सरावासाठी: एका घरट्यातील नोंद 6:10 वाजता 35 अंशांवरून उतरू लागली, 8:10 ला 15 अंश झाली आणि 12:40 ला पुन्हा चढू लागली. बाहेरची हवा सकाळभर 5 अंश होती असे धरा. मादी किती वेळ बाहेर होती? अंडे 25 अंशांच्या खाली साधारण केव्हा गेले असेल? आणि हीच मादी 9 वाजता परतली असती, तर त्या दिवशी वाढीचे किती तास जास्त मिळाले असते?