आडोसा बरोबर नेणारे शिकारी

इतिहासाच्या पुस्तकात शिकारी माणूस आपल्याला पहिल्या एक-दोन पाठांत भेटतो. दगडी हत्यारे, अग्नी, मग शेती आली की तो जातो तो जातोच. सोलापूर जिल्ह्यातल्या शिक्षकांपुढे मात्र एक अडचण आहे. ज्याच्या पणजोबांचा उद्योगच शिकार होता, असे मूल त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेले असू शकते. पारध म्हणजे शिकार, आणि फासे लावून ती करणारे ते फासेपारधी.

ही शिकार नेमकी कशी चाले, ते आपण पाहू.

सोलापूरच्या भोवती माळरान आहे. माती उथळ, पाऊस बेभरवशाचा, झाडे तुरळक. अशा ठिकाणी शिकाऱ्यापुढचा पहिला प्रश्न हत्याराचा नसतो, लपण्याचा असतो. काळविटाला माणूस दुरूनच दिसतो, आणि ते उधळले की ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटर वेगाने पळते. मग करायचे काय? आडोसा नाही, तर तो बरोबर न्यायचा! शिकवलेला बैल किंवा गाय चरत चरत पुढे सरके आणि पारधी तिच्या आडून चाले. माळावर गुरे रोजचीच, त्यामुळे हरणे त्यांना बिचकत नाहीत. दोन पायांवर चालणारी आकृती दिसली की मात्र कळप सावध होतो.

हरणांसाठी एका लांब दोरीला ओळीने फासे बांधत, दोरी खुंट्यांनी जमिनीत पक्की करत आणि कळपाला तिकडे हाकत. फाशाची गाठ सरकती असते. पाय अडकला की जनावर सुटण्यासाठी ओढ देते, आणि जितकी ओढ जास्त तितकी गाठ घट्ट. म्हणजे ताकद लावायची ती सावजानेच. पक्ष्यांसाठी घोड्याच्या केसांचे फासे असत. केस बारीक असल्यामुळे दिसत नाही आणि ताठ असल्यामुळे फासा उघडा राहतो. मऊ सुताचा फासा मिटून जाईल.

तितराची युक्ती तर आम्हांला सर्वांत आवडते. नर तितर आपल्या हद्दीत दुसरा नर खपवून घेत नाही. पाळलेला तितर पिंजऱ्यात ठेवून भोवती फासे मांडले, की त्याचे ओरडणे ऐकून रानातला नर भांडायला धावतो आणि अडकतो. पक्ष्यांच्या हद्दीची कल्पना पक्षिशास्त्रात रुजली ती एलियट हॉवर्ड यांच्या १९२० च्या ग्रंथामुळे. पारध्यांची युक्ती त्याच निरीक्षणावर उभी होती. त्यांनी त्याला नाव दिले नाही, एवढेच.

पण या माणसांच्या वाट्याला आले ते दुसरेच नाव. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला. सोलापुरात कुंपणाची सेटलमेंट उभी राहिली. पारधी, कैकाडी, भाट अशा जमातींची कुटुंबे तिथे ठेवली गेली, अनेकांना गिरणीत कामाला लावले गेले. हजेरी द्यायची, परवान्याशिवाय बाहेर जायचे नाही. ज्यांचे सारे ज्ञान फिरण्यातून आलेले, त्यांचे फिरणेच गुन्हा ठरले. कायदा १९५२ मध्ये देशभर रद्द झाला. शहरातल्या त्या भागाला लोक आजही सेटलमेंट म्हणतात, आणि संशयाची नजरही पुरती गेलेली नाही.

बंदुकीची शिकार मात्र साहेबाची मर्दुमकी! एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रॉबर्ट मॅन्सफिल्ड या इंग्रजाने अहमदनगर भागात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. माळढोकाची मादी एका विणीत बहुधा एकच अंडे घालते, हे लक्षात घेतले की या आकड्याचा अर्थ कळतो. पारधी माळढोक धरत नसत असे नाही. पण ज्याला पुढच्या वर्षी त्याच माळावर पोट भरायचे आहे, त्याचा हिशेब वेगळा असणार.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंदी आली. १९७९ मध्ये सोलापूरजवळ नान्नजला माळढोक अभयारण्य झाले. तरीही पक्षी घटतच गेले. माळाची शेते झाली, पाणी आले तिथे ऊस आला, विजेच्या तारा आल्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने त्याला समोरचे फार कमी दिसते. जड शरीरामुळे ऐनवेळी वळताही येत नाही, आणि तो तारेवर आदळतो. या तारा काही पारध्यांनी बांधलेल्या नाहीत.

वर्गात हा विषय काढताना पारध्याच्या मुलाला "तुझे वडील शिकार करतात का?" असे विचारू नये. आज तो गुन्हा आहे, आणि सगळा वर्ग ऐकत असतो. त्यापेक्षा सरकत्या गाठीचा फासा सुतळीचा आणि ताठ तारेचा करून दोन्ही टेबलावर उभे करायला सांगा. तितराची आणि लाव्याची साद कोणाला काढता येते, हे सगळ्यांनाच विचारा.